मधला खांब

सरपंच तात्या उंबऱ्याशी येऊन खाकरले तेव्हा मी ह्यांच्या पायाला तेल लावत होते. पायाला म्हणजे गुडघ्याखाली जेवढा राहिला होता तेवढ्याला. थंडीत तो ठणकायचा, आणि ठणका लागायचा तो नसलेल्या पावलात. "बोटं आवळून आल्यात बघ," असं हे म्हणायचे, मग मी रिकाम्या जागेवरून हात फिरवायचे. तेवढ्यानंही त्यांना बरं वाटायचं.

तात्यांनी पायताणं बाहेर काढली, टोपी सारखी केली आणि आत आले. त्यांच्यामागं धोंडू गुरव आणि वरच्या आळीचे पाटील. पाटलांना बघून माझा हात थांबला. तात्या आणि पाटील एका सतरंजीवर बसलेले मी लग्न होऊन ह्या गावात आल्यापासून पाहिले नव्हते. निवडणुकीच्या पायी एकमेकांच्या गंजी पेटवलेली माणसं ती.

"हिंदुराव," तात्या म्हणाले, "गावानं एक ठरवलंय."

हे भिंतीकडं तोंड करून पडले होते. वळले नाहीत.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती, म्हणून मी 'हे'च लिहिते. पूर्ण नाव ज्याला वाचायचं असेल त्यानं आमच्या पुलावर जावं. तिथं कोरलेलं आहे.

एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडं ह्यांचा डावा पाय सुरुंगावर पडला. गावी आले तेव्हा लोकांनी वेशीपासून वाजतगाजत आणलं. महिनाभर घरात माणसांची रीघ होती, चहाला दूध पुरत नव्हतं. मग रीघ आटली. पुण्याहून मिळालेला लाकडी पाय ह्यांनी चारदोनदा लावून बघितला आणि खुंटीला टांगून ठेवला. त्याच्या पट्ट्याला कोळ्यानं जाळं केलं होतं. मी काढायला गेले की म्हणायचे, "राहू दे, त्याचा तरी संसार होतोय." बाहेर पडायचं नाव काढत नव्हते. "लोक आधी खाली बघतात न् मग वर," म्हणायचे.

"नदीवरच्या पुलाला तुमचं नाव द्यायचं," तात्या म्हणाले. "ठराव झाला. एकमतानं."

आत्याबाई, माझ्या सासूबाई, चुलीपुढनं फुंकणी हातात घेऊनच बाहेर आल्या.

"कंच्या पुलाला?" ह्यांनी भिंतीलाच विचारलं. "आपला पूल तर दोनदा पडला."

"आता ऱ्हाईल की उभा."

"ह्या कडंचा खांब हाय, त्या कडंचा हाय, मधल्याचा पत्ता न्हाई. माझ्यापरीस एक खांब जास्तच म्हणायचा."

सगळे हसले. पाटील जरा जास्तच हसले. मला मात्र रडू आलं, कारण कितीतरी दिवसांत हे एवढं लांब वाक्य बोलले नव्हते.

त्या पुलाची गोष्ट सांगायला हवी. पावसाळ्यात आमचं गाव तुटायचं. तालुका, बाजार, दवाखाना सगळं नदीपलीकडं. माझ्या पहिल्या खेपेला मी दोन दिवस अडले होते. नदी दोन्ही काठ धरून वाहत होती, आणि माणसं काठावर बाज घेऊन पाणी उतरायची वाट बघत बसली होती. बाजेवर मी होते. पाणी उतरलं तोवर बाळ गेलं, आणि पुन्हा मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. हे तेव्हा सरहद्दीवर होते. त्यामुळं पूल व्हावा असं गावात कुणाला वाटत नसेल तेवढं मला वाटायचं.

दुष्काळात नदी कोरडी पडली तेव्हा कामाला हात लागला. मधला खांब पहिल्या पावसात तिरका होऊन बसला. त्याच्या दुरुस्तीवर असलेली वडारांची एक बाई दगडाखाली सापडली. तिच्या माणसांनी तिला नदीकाठीच माती दिली आणि पालं उठवून ती निघून गेली. दुसऱ्या वर्षी खांब पुन्हा बांधला, तो पुन्हा गेला. ठेकेदार सिमेंटात वाळूच जास्त घालतो असं ओव्हरसियर उघड म्हणायचा. गावाला मात्र ते पटत नव्हतं.

"एक मागणं हाय," तात्या म्हणाले. "खांबाच्या पायात तुमची येक वस्तू घालावी म्हणतो. आठवण म्हणून."

"फोटू द्या की," आत्याबाई म्हणाल्या. "वर्दीतला हाय."

"फोटू नको, आत्या. अंगाला लागलेलं कायतरी पाहिजे," धोंडू गुरव पहिल्यांदाच बोलला. तो खाली सतरंजीकडं बघत होता.

मी बाजेखाली हात घातला आणि बूट काढला. लढाईला जाताना हे एक जोड छावणीत ठेवून गेले होते, तो ट्रंकेबरोबर घरी आला होता. त्यातला उजवा ह्यांच्या उपयोगाचा होता. डावा नुसता पडून होता. आतल्या कातड्यावर ह्यांच्या पाची बोटांचे खळगे उमटलेले होते. मी कधीकधी त्यात हात घालून बघायचे. त्या पावलाचं जगात तेवढंच शिल्लक होतं.

"ह्यो चालंल?" मी विचारलं.

धोंडूनं तात्यांकडं पाहिलं, तात्यांनी पाटलांकडं. "चालंल की," तिघं एकदम म्हणाले.

"अगं बया, पायताण कुणी पुजंला ठेवतं का?" आत्याबाई म्हणाल्या.

"शिपायाचा बूट म्हंजी पायताण न्हवं, आत्या," तात्या म्हणाले. त्यांनी बूट उपरण्यात गुंडाळला, अगदी नारळासारखा, आणि निघाले. जाताना तिघंही ह्यांच्या पाया पडले. पाटील ह्यांच्यापेक्षा वयानं कितीतरी मोठे होते.

ते गेल्यावर हे पहिल्यांदा भिंतीकडनं वळले. मग म्हणाले, "तो खुंटीवरचा काढ. आन् कोळ्याला म्हणावं, दुसरं घर बघ."

*

त्या उन्हाळ्याइतके चांगले दिवस मी नंतर पाहिले नाहीत, आणि आधीही फारसे पाहिले नव्हते.

हे रोज सकाळी लाकडी पाय बांधून नदीवर जायला लागले. आधी मला खांद्याला धरून, मग काठी घेऊन, मग काठीही नको म्हणायला लागले. पट्ट्यानं कातडं सोलून निघायचं. संध्याकाळी मी हळद लावायचे तेव्हा दात आवळून म्हणायचे, "पुलावरनं पहिलं मी चालणार हाय. तात्यांनी जाहीर केलंय. काठी घिऊन चाललो तर फोटूत काय दिसंल?"

ठेकेदार बदलला होता. नवा माणूस सिमेंटाची पोती स्वतः समोर उभा राहून फोडून घ्यायचा. हे तिथं दगडावर बसून मजुरांना फौजेतले किस्से सांगायचे. मधला खांब वर यायला लागला.

आणि गाव! गाव तर आमच्यावर नुसतं लोटलं होतं. ज्याच्या घरी गाय व्यायली त्यानं खरवस आधी आमच्याकडं धाडला. पुरणपोळ्या, मटणाचे डबे, नव्या गुळाची ढेप. दर मंगळवारी धोंडू गुरव जानाईच्या देवळातला अंगारा घेऊन यायचा आणि ह्यांच्या कपाळाला लावून जायचा. पाण्याला गेले की बायका माझी घागर आधी भरू द्यायच्या. ह्यांचे गाल भरले. आत्याबाई रोज संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या आणि म्हणायच्या, "दृष्ट लागंल माझ्या लेकाला. गाव कसं बघतंया बघ."

बघत तर होतंच. फक्त पोरांना कुणी ह्यांच्या जवळ येऊ देत नव्हतं. एकदा पाटलांचा नातू ह्यांचा लाकडी पाय वाजवून बघायला आला, तर त्याच्या आईनं धावत येऊन त्याला पाठीत धपाटा घातला आणि ओढत नेलं. "ल्हान पोर हाय, वहिनी, उगं तरास नको," असं म्हणाली ती, पण माझ्याकडं न बघता. मला वाटलं, मोठ्या माणसाचा मान असा असेल.

पाटीचा दगड पाथरवटाकडं तयार झाला तेव्हा ह्यांनी मला मुद्दाम नेऊन दाखवला. मी सातवी पास होते. बोटानं अक्षरं चाचपत वाचलं: लान्स नाईक हिंदुराव ज्योती फडतरे पूल. शेवटचा शब्द सोडला तर सगळं, सासऱ्यांच्या नावासकट, मी लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा तोंडानं म्हणत होते.

"मोठ्यानं म्हण की," हे म्हणाले. "आता सगळा तालुका म्हणणार, तुलाच काय लाज?"

*

पूल उघडायचा त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी धुणं घेऊन नदीवर गेले होते. राही गुरवीण, म्हणजे धोंडूची बायको, माझ्या शेजारच्या दगडावर आली. आम्ही दोघी एका वर्षी लग्न होऊन ह्या गावात आलो होतो. उन्हाळ्यात तिनं माझ्याशी बोलणं कमी केलं होतं, आणि मी ते मनावर घेतलं नव्हतं. मी आता पुलावर नाव असलेल्याची बायको होते ना.

तिनं एक लुगडं तीनदा पिळलं. मग म्हणाली, "वहिनी, उद्या भावजींना पहिलं चालू देऊ नगा."

"का गं?"

"ताप आलाय म्हनावं. पोटात दुखतंय म्हनावं. कायबी सांगा."

"राही, नीट बोल."

ती इकडंतिकडं बघून पाण्यातच बसली. "मधला खांब दुसऱ्यांदा गेला न्हवं का, तवा जानाईला कौल लावला हुता. आमच्या ह्यांनीच लावला. समदी मोठी माणसं हुती. इचारलं, आई, नदीला मानूस पायजे का? पाकळी उजवी पडली."

आमच्याकडं देवीच्या ओल्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर हो.

"मग?"

"आदी कुनी म्हनलं, वडारीन गेली की, ती न्हाई का धरायची? तर पाकळी डावी पडली. ती काय गावची न्हवं. गावचाच मानूस पायजे." तिनं डोळे पुसले, पण ओल्या हातानं पुसल्यानं आणखीच पाणी झालं. "मग नाव घितलं. नावाचा मानूस, त्याची वस्तू खांबात घालायची, आन् पुलावरनं पहिलं त्यानं जायाचं. वरसाच्या आत त्यो..."

 पलीकडं मजूर कमानीला आंब्याची पानं बांधत होते.

"कुणाकुणाची नावं घेतली?" मी विचारलं.

"एकच."

"एकच का?"

"तात्या म्हनले, त्येचं निम्मं गेल्यालंच हाय. घरात पडूनच असतोय. आन् पोरबाळ न्हाई, मागं रडनारं कुनी न्हाई."

"मी?"

राहीनं लुगडं पुन्हा पाण्यात बुडवलं.

"पाटील काय म्हणाले?"

"पाटील म्हनले, ह्या बाबतीत आमचं तात्यांशी एकमत हाय."

मी धुणं तसंच टाकून उठले. खरवस, मटणाचे डबे, मंगळवारचा अंगारा. जत्रेच्या बोकडाला महिनाभर आधीपासून हळदकुंकू लावून चारतात, गल्लीतून फिरवतात आणि पोरांना सांगतात, त्याला खेळवू नका, जीव लागेल. हे मी लहानपणापासून बघत आले होते. आमच्या दारात ते चाललं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

*

हे अंगणात बसून लाकडी पायातल्या बुटाला पॉलिश करत होते. त्याच्यासाठी नवा काळा जोड आणला होता. आत्याबाई शेजारी कुणालातरी उद्याचं लुगडं दाखवायला गेल्या होत्या.

मी सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. पोरबाळ नाही, हेही.

ह्यांचा फडक्याचा हात चालूच राहिला. मग थांबला.

"बूट कंचा दिलास तू?"

"डावा."

"मग बराबर दिलास," असं म्हणून हसले. त्या हसण्यानं मला भीती वाटली.

"जायचं न्हाई आपण," मी म्हणाले. "माझ्या माहेरी जाऊ. आत्ता निघू."

"मरायला भितो का मी? कौल खरा असता तर मी कवाच मेलो असतो, तिकडं काय कमी पाकळ्या पडल्या? माझ्या दोन्ही बाजूंची पोरं गेली." त्यांनी बूट उन्हात धरून बघितला. "पण तिकडं सगळ्यांचं नाव असायचं गं. पाटलाच्या पोराचं, महाराच्या पोराचं, साहेबाचं. कुणाचा नंबर लागंल ते कुणाला ठावं नसायचं. धोंडूनं खरंच एकच घेतलं?"

"राही खोटं बोलत न्हाई."

"एकच नाव," ते पुन्हा म्हणाले. नंतर दिवसभर ते तेवढंच मनाशी म्हणत होते, आणि आत्याबाईंना वाटलं की उद्याच्या आनंदानं लेक नीट बोलत नाही.

झोपताना म्हणाले, "मी जाणार. समद्या गावाला बघायचंय न्हवं? बघू दे."

*

लेझीम होतं, ढोल होते, कमानीवर पताका होत्या. तालुक्याचे साहेब उशिरा आले. तात्यांचं भाषण झालं. सैनिकाचं रक्त, गावाची मान, पुढच्या पिढ्या, असं बरंच बोलले, आणि बोलताना त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले. ते ढोंग नव्हतं, हे मी आजही सांगेन. ज्याचा बळी द्यायचा त्याच्यावर माया असल्याशिवाय ते देणं पोचत नाही, असं आमच्याकडं मानतात.

दगडावरचा पडदा सरकला. टाळ्या झाल्या. साहेबांनी फीत कापली आणि बोलताबोलता पुलावर पाय टाकायला निघाले, तसा तात्यांनी झटकन त्यांचा दंड धरला.

"साहेब, तुम्ही नको. आधी मानकरी."

"हो हो, मानकरी, मानकरी," असं म्हणून साहेब कौतुकानं मागं सरले.

हे खुर्चीवरून उठले. वर्दी घातली होती, छातीवर पदक. काठी घेतली नाही. सगळं गाव अलीकडच्या काठाला थांबलं होतं, आणि एकूण एक बाईनं आपापली पोरं हाताला धरून ठेवली होती.

मी पदर खोचला आणि बायकांतून बाहेर पडले.

"अवो वहिनी, तुमी न्हाई जायाचं," पाटलांची सून म्हणाली.

"मग कुणी जायचं? तू येतीस?"

ती मागं झाली.

मी कमानीखाली ह्यांना गाठलं. "तू कशाला आलीस?" समोर बघतच ते म्हणाले.

"तुमचं वर्ष मोजत घरात बसायला न्हाई जमायचं मला."

"मग डावीकडनं चाल. डाव्या बाजूला तोल जातोय माझा."

पुलावर आमचं पाऊल एकदमच पडलं. सिमेंटचा ओला वास अजून येत होता. मागं ढोल थांबले होते. लाकडी पायाचा आवाज तेवढा येत होता, ठक्, मग बूट, ठक्, मग बूट. हे खरंच सुंदर चालले. त्या चालण्यासाठी त्यांनी सगळा उन्हाळा कातडं सोलून घेतलं होतं.

मधल्या खांबावर आलो तेव्हा ते कठड्यावर बसले. विजार वर केली आणि पट्ट्याचे बक्कल सोडायला लागले. मला वाटलं, कातडं दुखत असेल. त्यांनी पाय काढला आणि बुटासकट मांडीवर घेतला.

"ए धोंडू!" ते ओरडले. कवायतीच्या मैदानावरचा आवाज होता तो, त्या काठापर्यंत खणखणीत गेला. "कौल लावताना एकच नाव घितलंस व्हय रं?"

कमानीपाशी धोंडूनं हातातला नारळ छातीशी धरला.

"तात्या! पाटील! तुमच्या पोरांची नावं का न्हाई घितली? देवीला माहीत न्हवती, का तुमाला?" त्यांचा आवाज फाटला. "एक पाय देशानं घेतला, त्याचं मला दुःख न्हाई. हा दुसरा घ्या. घाला तुमच्या नदीला, आन् पुन्यांदा माझ्या दारात येऊ नका!"

त्यांनी पाय भिरकावला आणि काठाच्या दिशेनं थुंकले.

पाय डोहात पडला, बुडाला आणि वर आला. लाकडाचाच तो. बूट आकाशाकडं करून हळूहळू तरंगत खांबाला लागला, खांबाभोवती एक फेरा घेतला आणि पलीकडं वाहत गेला.

मी काठाकडं पाहिलं. मला वाटलं होतं, लोक माना खाली घालतील. ह्यांनाही तेच वाटलं होतं. निदान एक तरी माणूस.

पहिल्यांदा पाटलांच्या सुनेनं हात जोडले. मग तिच्या शेजारणीनं. मग काठावरचे सगळे हात जोडले गेले, नदीला, त्या वाहत जाणाऱ्या पायाला. धोंडूनं कमानीपाशी नारळ फोडला. "घितलं! आईनं घितलं!" कुणीतरी ओरडलं, आणि ढोल असे उठले की कानठळ्या बसल्या.

लोक पुलावर धावत आले. आता भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. नदीचं देणं पोचलं होतं, आणि माणूसही मरायचा राहिला होता. म्हणजे गावाचं दोन्हीकडून भलं झालं. तात्यांनी ह्यांच्या उरलेल्या पायावर डोकं ठेवलं. "हिंदुराव, गाव तारलंस," ते रडत म्हणाले. ह्यांनी त्यांना ढकलायला हात उचलला तेवढ्यात चौघांनी ह्यांना खांद्यावर घेतलं. गुलाल उधळला. ढोलाच्या आवाजात हे काय बोलत होते ते कुणालाच ऐकू गेलं नाही. त्यांच्या मुठी खालच्या माणसांच्या पाठीवर पडत होत्या. लोकांना वाटलं, आनंदानं. साहेब टाळ्या वाजवत होते. त्यांना काय कळलं होतं देव जाणे, त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या सभेत ह्यांच्या त्यागाचा उल्लेख केला म्हणतात.

मी मागून चालत आले. माझ्या हातात कुणीतरी फोडलेल्या नारळाची वाटी दिली होती.

घरी आल्यावर ह्यांनी वर्दी काढली, घडी घातली आणि भिंतीकडं तोंड करून पडले. आत्याबाई अंगणात बायकांना पेढे वाटत होत्या. ह्यांचं ओरडणं ऐकूनही त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. 'माझ्या लेकाचा पूल' म्हणतच त्या गेल्या.

दिवेलागणीला हे म्हणाले, "मी थुकलो गं त्यांच्यावर."

"व्हय."

"आन् त्यांनी नमस्कार केला."

मी तेलाची वाटी घेऊन आले. रिकाम्या जागेवरून हात फिरवला. त्या दिवशी त्यांना बरं वाटलं नाही.

डबे यायचे बंद झाले. कुणी वाईट वागलं नाही, फक्त गरज सरली होती. पुण्याहून दुसरा पाय मिळाला असता, पण हे आणायला गेले नाहीत. "कशाला? आणखी येक पूल बांधायचाय का त्यांना?" म्हणायचे. वर्ष उलटलं, हे मेले नाहीत. पुढंही कितीतरी वर्षं मेले नाहीत. त्या बाजेवरच जगले. खांब पक्का राहिला, कारण सिमेंट चांगलं होतं. पण असं मी कुणाला म्हणाले की लोक माझ्याकडं दयेनं बघायचे.

त्याच पुलावरून गावच्या बायका अडल्या की तालुक्याला नीट पोचतात. मला त्याचा आनंद आहे. तो नाही असं मी म्हणणार नाही.

*

गेल्या वर्षी तालुक्याहून परत येत होते. एसटीत माझ्या शेजारी एक तरुण बाई बसली होती, गावच्या शाळेत नव्यानंच लागलेली मास्तरीण. मला कुणी तिची ओळख करून दिली नव्हती, की तिला माझी. बोलकी होती. गाडी पुलापाशी आली तशी ती खिडकीतून वाकून पाटी बघायला लागली. अक्षरांतला रंग गेला आहे, तरी वाचता येतात.

"आजी, तुम्ही इथल्याच ना? हे फडतरे म्हणजे, हा पूल बांधताना ज्यांचा पाय गेला, तेच ना?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळेच सांगतात. मी तर मुलांना वर्गात सांगते, गावासाठी त्यांनी पाय दिला म्हणून."

"लढाईबद्दल कुणी काही बोललं न्हाई?"

"कुठली लढाई?"

गाडी पुलावर चढली. चाकांखाली सांधे वाजायला लागले, ठक्, आणि थोड्या वेळानं पुन्हा ठक्. खाली पाणी बरंच होतं. मी मधला खांब येईपर्यंत थांबले.

"व्हय बाई," मी म्हणाले. "इथंच गेला."

तिनं हळहळून मान हलवली. मग आमच्याकडं सगळेच करतात तसं तिनं पर्समधून एक नाणं काढलं, कपाळाला लावलं आणि खिडकीतून नदीत टाकलं. नदीला हात जोडून झाल्यावर माझ्याकडं वळली.

"तुम्ही नाही टाकत, आजी?"

"न्हाई," मी म्हणाले. "आमचं देऊन झालंय."